हत्तीची टूथपेस्ट: आठवीच्या मुलांकडून करून घ्यायची तर प्रमाण आणि काळजी काय?

वर्गशिक्षिका

उत्प्रेरक (स्वतः खर्च न होता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) आणि विकर (सजीवांच्या पेशींतला उत्प्रेरक) हा भाग शिकवताना हायड्रोजन पेरॉक्साइडच्या फेसाचा, म्हणजे 'हत्तीची टूथपेस्ट' म्हणतात तो प्रयोग घ्यायचा आहे. वर्गात 40 मुलं, पाच-पाच जणांचे 8 गट, सलग दोन तासिका. नुसता टेबलावर करून दाखवायचा नाही. मुलांनी स्वतः मोजून, ओतून, निरीक्षणं लिहून करावा अशी इच्छा आहे.

अडचणी अशा. प्रयोगशाळेच्या कपाटात 30 टक्क्यांची बाटली आहे. ती पातळ करून वापरावी की 3 टक्क्यांचं तयार पेरॉक्साइड आणावं? 3 टक्क्यांचं 1 लिटरच्या बाटलीत केलं तर फेस गळ्यापर्यंत येतो आणि तिथेच बसतो. मुलांनी व्हिडिओत छतापर्यंत उडणारा फेस पाहिलेला असतो, त्यामुळे त्यांचा हिरमोड होतो. यीस्टऐवजी पोटॅशियम आयोडाइड घेतल्यास फरक पडेल का? आणि फेसाला हात लावू द्यावा की नाही? आमच्या शिक्षकांमध्ये यावर दोन मतं आहेत.

---

प्रयोगवही

ताई, मुलांच्या हातात 3 टक्के, आणि फार तर तुमच्या स्वतःच्या टेबलावर 6 टक्के. शाळेत याच्या पुढे जाण्याची गरज नाही. फेस गळ्याशी अडकतो तो पेरॉक्साइड सौम्य आहे म्हणून नव्हे, बाटली मोठी आहे म्हणून.

हिशेब करून पाहा. फेस म्हणजे पेरॉक्साइड फुटून निघालेला आणि साबणात अडकलेला ऑक्सिजन. 3 टक्क्यांच्या द्रावणाला '10 व्हॉल्यूम' म्हणतात, म्हणजे 1 मिली द्रावणातून साधारण 10 मिली ऑक्सिजन निघतो. 100 मिलीतून 1 लिटर. तुमची बाटलीच 1 लिटरची असेल तर तो सगळा वायू आतली रिकामी जागा भरण्यातच खर्ची पडतो. तेच 100 मिली 250 मिलीच्या बाटलीत घ्या. पेरॉक्साइड, साबण आणि यीस्टचं पाणी मिळून दीडशे मिली होतं, वर जेमतेम 100 मिली जागा उरते. बाकीच्या फेसाला बाहेर पडण्यावाचून गत्यंतर नाही. गळा अरुंद असला की तो जाड वळीसारखा, सलग बाहेर येतो.

गटांसाठी याच्या निम्मं प्रमाण पुरतं. 100 मिलीची औषधाची रिकामी, स्वच्छ धुतलेली प्लॅस्टिकची बाटली घ्या. काच नको, ओल्या, साबणाच्या हातातून ती सटकते. प्रत्येक गटाला लागेल ते असं:

3 टक्के पेरॉक्साइड 50 मिली
भांडी घासायचा लिक्विड साबण 5 मिली, म्हणजे चहाचा एक चमचा
कोरडं यीस्ट 3 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा
कोमट पाणी 20 मिली, 35 ते 40 अंश सेल्सिअस
खायचा रंग 4-5 थेंब, हवा असल्यास

बाटली काठ असलेल्या मोठ्या ट्रेमध्ये ठेवा आणि तिचा तळ दुहेरी चिकटपट्टीने ट्रेला चिकटवा. हलकी बाटली फेसाच्या वजनाने कलंडते. पेरॉक्साइड ओतून त्यात साबण घाला आणि बाटली हलकेच गोल फिरवा, खळखळून हलवू नका. रंग पेरॉक्साइडमध्ये न मिसळता गळ्याच्या आतल्या बाजूने थेंब-थेंब सोडला तर फेसावर पट्टे उमटतात. यीस्ट वेगळ्या पेल्यात कोमट पाण्यात घालून गुठळ्या मोडेपर्यंत ढवळा आणि 2-3 मिनिटं तसंच ठेवा. मग नरसाळ्यातून एका दमात ओता आणि नरसाळं लगेच काढून घ्या. हे मुलांना आधी कोऱ्या पाण्यावर करून दाखवा. नरसाळं तसंच राहिलं तर फेसाची वाट अडते आणि मिश्रण नरसाळ्याच्या कडेने कुठेही उडतं.

ओतणाऱ्याने हात मागे घेऊन एक पाऊल मागे यायचं. बाटलीच्या तोंडावर वाकून बघायचं नाही, बोट किंवा झाकण लावायचं नाही. सगळ्या प्रयोगात खरोखर घातक ठरू शकेल अशी गोष्ट कुठली, तर बंद झालेलं तोंड.

8 गटांना 400 मिली पेरॉक्साइड लागेल. मूळ बाटली मुलांच्या टेबलावर जाऊ देऊ नका. तुम्ही आधीच 50-50 मिली मोजून पेल्यांत भरा आणि प्रत्येक पेल्यावर नाव लिहा. पेरॉक्साइड दिसायला पाण्यासारखंच असतं, आणि शेजारी कोमट पाण्याचाही पेला असतो.

---

शंकुपात्र

वरच्या उत्तराशी सहमत. 30 टक्क्यांच्या बाटलीबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण मोह तिथेच होतो.

पेरॉक्साइडचं विघटन उष्मादायी आहे. 1 मोल (सुमारे 34 ग्रॅम) पेरॉक्साइड फुटताना साधारण 98 किलोजूल उष्णता निघते. 3 टक्क्यांच्या 100 मिली द्रावणात 3 ग्रॅम, म्हणजे सुमारे 0.088 मोल पेरॉक्साइड असतं. त्यातून निघणाऱ्या साडेआठ किलोजूलने तेवढं द्रावण जास्तीत जास्त 20 अंशांनी तापेल. यीस्टचं पाणी धरलं तर वाढ 12 ते 14 अंशांची. फेस कोमट लागतो, बस. 6 टक्क्यांत ही वाढ दुप्पट होते. खोलीचं तापमान 28 असेल तर मिश्रण 50 च्या वर जातं, म्हणजे हात भाजायच्या जवळ. म्हणून 6 टक्के फक्त शिक्षकाने करायचं.

30 टक्क्यांत हाच हिशेब 200 अंशांवर जातो. अर्थात पाणी तेवढं तापू शकत नाही, ते उकळतं. व्हिडिओतल्या फेसातून जो पांढरा धूर येताना दिसतो तो वाफेचा असतो, आणि तो फेस वर फेकण्यात या वाफेचाही हात असतो. त्याबरोबर न फुटलेलं, गरम, तीव्र पेरॉक्साइडही थेंबाथेंबाने उडतं. त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. त्वचेवर पडला तर पांढरा डाग पडतो आणि चुरचुरतं, जास्त वेळ राहिला तर त्वचा भाजते. मुलं खोलीत असताना ती बाटली कपाटाबाहेरच काढू नये.

पातळ करूनच वापरायचं ठरलं तर ते काम मोठ्या माणसाने, मुलं नसताना, बाजूनेही बंद असलेला रसायनांचा गॉगल आणि नायट्राइलचे हातमोजे घालून करायचं. 1 भाग पेरॉक्साइडला 9 भाग ऊर्ध्वपातित पाणी घेतलं की साधारण 3 टक्के, 4 भाग घेतलं की साधारण 6 टक्के. पण मुळात तुमची बाटली किती जुनी आहे, कधी उघडली आहे, यावर तिची तीव्रता ठरते, आणि ती लेबलावरून कळत नाही. माझं मत स्पष्ट आहे: तयार 3 टक्क्यांचं आणा, 30 टक्क्यांच्या बाटलीला हात लावू नका.

आता पोटॅशियम आयोडाइड. आयोडाइड आयन पेरॉक्साइडकडून ऑक्सिजन घेऊन हायपोआयोडाइट बनतो, तो दुसऱ्या पेरॉक्साइडशी अभिक्रिया करून ऑक्सिजन सोडतो आणि पुन्हा आयोडाइड होतो. उत्प्रेरक शेवटी तसाच परत मिळतो हे शिकवायला हे उदाहरण फार चांगलं. पण 3 टक्क्यांत त्याने फेसाची उंची वाढत नाही. वायू किती निघणार हे पेरॉक्साइड ठरवतं. उत्प्रेरक फक्त वेग ठरवतो. शिवाय बाजूला थोडं आयोडीन तयार होतं, फेस पिवळट-तपकिरी होतो, कपड्यांवर आणि ओट्यावर डाग पडतात. मुलांच्या गटांना यीस्टच द्या.

पोटॅशियम परमँगनेट कोणी सुचवलं तर ठाम नकार द्या. तीव्र पेरॉक्साइडशी त्याची अभिक्रिया तत्काळ होते, हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही.

---

वर्गशिक्षिका

बाटलीच्या आकाराचं लक्षातच आलं नव्हतं, फार उपयोगी सांगितलंत. दोन शंका अजून. केसांच्या रंगाबरोबर मिळणारं '20 व्हॉल्यूम'चं क्रीम 6 टक्क्यांचं असतं असं वाचलं, ते माझ्या टेबलावरच्या प्रयोगाला चालेल का? आणि यीस्टमध्ये साखर घालून 10 मिनिटं फुगू द्यावं असं काही ठिकाणी सांगतात. ते खरंच हवं का?

---

फेनिल

साखर नको. साखर लागते ती यीस्टने आंबवून कार्बन डायऑक्साइड सोडावा म्हणून. इथे आपल्याला यीस्ट वाढायला नको आहे, तिच्या पेशींत आधीपासून असलेलं कॅटलेज हे विकर हवं आहे. कॅटलेजचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो. कोमट पाण्याचं काम एवढंच की कोरडे दाणे भिजून मोकळे व्हावेत. पाणी जास्त गरम मात्र नको. 60 अंशांच्या आसपास विकर निकामी व्हायला लागतं, आणि मग कितीही थांबलं तरी फेस येत नाही. थर्मामीटर नसेल तर मनगटावर थेंब टाकून पाहा, चटका बसता कामा नये.

क्रीमच्या ऐवजी पातळ, पारदर्शक पेरॉक्साइड पाहा. क्रीममध्ये दाटपणासाठी घातलेले पदार्थ आणि पेरॉक्साइड टिकावं म्हणून घातलेलं आम्ल असतं. यीस्ट त्यात नीट मिसळत नाही, फेस संथ आणि चिकट येतो. '20 व्हॉल्यूम' म्हणजे 6 टक्के हे बरोबर आहे. '30 व्हॉल्यूम' 9 टक्के आणि '40 व्हॉल्यूम' 12 टक्के असतं. ही दोन्ही शाळेत आणू नका.

फेस नीट येत नसेल तर मी या क्रमाने पाहीन.

सगळ्यात आधी पेरॉक्साइड जिवंत आहे का ते. उघडलेली बाटली हळूहळू उतरते, उजेडात आणि उष्णतेत आणखी लवकर. चमचाभर पेरॉक्साइडमध्ये चिमूटभर यीस्ट टाका. लगेच फसफसलं तर ठीक, चार-दोनच बुडबुडे आले तर नवी बाटली आणा. नेमकं मोजायचं तर 5 मिली पेरॉक्साइड परीक्षानळीत घेऊन त्यात यीस्ट घाला आणि निघणारा वायू पाण्याने भरून उलट्या ठेवलेल्या मोजपात्रात नळीने गोळा करा. 3 टक्क्यांचं असेल तर 50 मिलीच्या जवळपास वायू मिळतो. 25 मिलीच मिळाला तर ताकद निम्मी झाली आहे.

मग साबण. हाताचा किंवा कपड्यांचा वडीचा साबण किसून घातला तर जड पाण्यात फेस फाटतो; भांड्यांच्या लिक्विडमध्ये डिटर्जंट असतो, त्याला ही अडचण येत नाही. जास्त साबण घालून जास्त फेस येत नाही. 50 मिलीला 15-20 मिली साबण घातला तर मिश्रण इतकं दाट होतं की यीस्ट वरच तरंगत राहतं.

तिसरी गोष्ट गुठळ्यांची. कोरडं यीस्ट थेट बाटलीत टाकलं तर साबणाच्या थरावर त्याचा गोळा होतो, आणि फक्त गोळ्याच्या बाहेरच्या बाजूला बुडबुडे येताना दिसतात. फेस 'मुंगीच्या वेगाने' येतो अशी तक्रार असते तेव्हा दहातल्या नऊ वेळा हेच कारण असतं, असं मी खात्रीने म्हणेन.

आणि पेरॉक्साइड फ्रिजमधून काढल्या-काढल्या वापरू नका. तासभर बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

---

प्रयोगवही

दोन तासिका आहेत तर नुसता फेस काढून थांबू नका. आठ गटांना वेगवेगळं काम वाटून द्या. दोन गटांना 1 ग्रॅम यीस्ट, दोन गटांना 3 ग्रॅम, दोन गटांना 5 ग्रॅम. पाणी सगळ्यांना 20 मिलीच. उरलेल्या दोन गटांना 3 ग्रॅम यीस्ट पाण्यात 5 मिनिटं उकळून, पुन्हा कोमट केलेलं. उकळायचं काम तुम्ही आधीच करून ठेवा.

प्रत्येक गटाने दोन गोष्टी लिहायच्या: ओतल्यापासून फेस गळ्याबाहेर यायला किती सेकंद लागले, आणि आधीचं व नंतरचं तापमान. बाहेर आलेला फेस मोजायला ट्रेमध्ये पट्टी उभी चिकटवा. 5 ग्रॅमवाल्यांचा फेस भराभर येतो, 1 ग्रॅमवाल्यांचा रेंगाळतो, पण पाचपट यीस्टने पाचपट फेस येत नाही. 1 ग्रॅमवाल्यांचा फेस थोडा कमी भरेल, कारण अभिक्रिया संथ असली की वरचे बुडबुडे फुटत जातात. हे मुलांना आधी सांगू नका, त्यांनाच कारण शोधू द्या. उकळलेल्या यीस्टच्या बाटलीत जवळपास काहीच होत नाही. साबणाच्या पाण्यावर तपकिरी साय तरंगत राहते आणि मुलं अवाक होऊन बघत बसतात. विकर प्रथिनाचं असतं आणि उष्णतेने त्याचा आकार बिघडतो, हे वाक्य फळ्यावर लिहायला यापेक्षा चांगला क्षण नाही. तास संपायच्या आत त्या दोन गटांनाही चांगलं यीस्ट देऊन त्यांचा फेस काढू द्या. पेरॉक्साइड बाटलीत तसंच शिल्लक असतं.

वायू ऑक्सिजनच आहे हे दाखवायचं असेल तर ते फक्त तुम्ही करा, फेसाच्या ट्रेपासून दूर, वेगळ्या परीक्षानळीत. 5 मिली पेरॉक्साइड, चिमूटभर यीस्ट, साबण नाही. विझवून नुसता निखारा उरलेली लाकडी काडी नळीच्या तोंडातून आत धरली की भपकन पेटते. त्या वेळी टेबलावर सॅनिटायझर, स्पिरिट किंवा कागदाचे ढीग नकोत.

---

निळा लिटमस

एवढं सगळं करण्यापेक्षा खायचा सोडा आणि व्हिनेगर का नाही? डोळ्यात गेलं तर चुरचुरेल, पण पेरॉक्साइडची कटकट नाही. आणि वायूही जास्त निघतो. 5 टक्क्यांच्या 100 मिली व्हिनेगरला 7 ग्रॅम सोडा पुरतो, म्हणजे चहाचा दीड चमचा, आणि साधारण 2 लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. 3 टक्क्यांच्या पेरॉक्साइडपेक्षा दुप्पट.

---

शंकुपात्र

पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी मीही तेच सुचवेन. पण ताईंना उत्प्रेरक शिकवायचा आहे, आणि सोडा-व्हिनेगरमध्ये उत्प्रेरक नाही. दोन्ही पदार्थ अभिक्रियेत खर्च होतात.

वायू दुप्पट निघतो हे खरं, तरी फेस तसा उभा राहत नाही. एक तर अभिक्रिया काही सेकंदांत उरकते आणि बुडबुडे मोठे, ओबडधोबड बनतात. दुसरं, कार्बन डायऑक्साइड पाण्यात ऑक्सिजनच्या सुमारे 25 पट विरघळतो, त्यामुळे तो साबणाच्या पातळ पडद्यातून चटकन पलीकडे जातो. लहान बुडबुडे आक्रसतात, मोठे फुगून फुटतात. ऑक्सिजन आतच अडकून राहतो, म्हणून पेरॉक्साइडचा फेस बराच वेळ बारीक आणि घट्ट राहतो.

दोन्ही प्रयोग शेजारी-शेजारी केले तर एक छान फरक मात्र हाताला जाणवतो. बाटली बाहेरून धरली की पेरॉक्साइडची कोमट लागते आणि सोड्याची थंडगार. एक अभिक्रिया उष्मादायी, दुसरी उष्माग्राही.

पण शेजारी करताना एक सक्त नियम: व्हिनेगर आणि पेरॉक्साइड एकाच भांड्यात येता कामा नये. त्यातून पेरॲसिटिक आम्ल तयार होतं, आणि ते डोळे, त्वचा आणि श्वसनमार्गाला झोंबतं. पेले, नरसाळी, चमचे वेगवेगळ्या रंगांचे ठेवा. ब्लीच तर त्या खोलीतच नको.

---

फेनिल

हात लावण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. 3 टक्क्यांचा फेस त्वचेला जाळत नाही, पण 'अभिक्रिया संपली' हे नुसतं बघून कळत नाही. फेस थांबला तरी त्यात न फुटलेलं पेरॉक्साइड असू शकतं, आणि मुलांचा फेसाचा हात हमखास डोळ्याकडे जातो. म्हणून तासभर सगळ्यांचे गॉगल डोळ्यांवर, निरीक्षणं लिहितानाही. ज्यांना फेस हाताळायचा आहे त्यांनी फेस येणं थांबल्यावर 5 मिनिटांनी, हातमोजे घालून. हाताला जखम, खरचटलं किंवा खरूज असेल त्यांनी नाहीच. 6 टक्क्यांच्या फेसाला कोणीच हात लावायचा नाही. चव घेणं, एकमेकांवर फेकणं यावर थेट प्रयोगातून बाहेर.

डोळ्यात गेलंच तर पापण्या उघड्या धरून वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान 15 मिनिटं धुवा, लेन्स असेल तर काढा, आणि डॉक्टरांना दाखवा. यासाठी नळ किंवा पाण्याची भरलेली बादली वर्गातच हवी. पोटात गेलं तर तोंड खळखळून धुवा, उलटी करायला लावू नका, डॉक्टरांकडे न्या. सोबत बाटलीचं लेबल न्या.

आवरताना फेस आणि उरलेलं मिश्रण भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडलं की झालं. रंग सांडला असेल तर लगेच ओल्या फडक्याने पुसा, वाळल्यावर निघत नाही. पेल्यांत उरलेलं पेरॉक्साइड मूळ बाटलीत परत ओतू नका. यीस्टचा कणभर अंश गेला तरी आतलं पेरॉक्साइड फुटत राहतं, आणि झाकण घट्ट असेल तर बाटली फुगते. त्याच कारणाने एखाद्या मुलाने फेस डब्यात किंवा बाटलीत भरून घरी न्यायला मागितला तर देऊ नका. दप्तरं निघण्याआधी झाकणाच्या बाटल्या तपासून घ्या.

---

वर्गशिक्षिका

मनापासून आभार. 100 मिलीच्या बाटल्या आणि 3 टक्क्यांचं पेरॉक्साइड असंच ठरवते, आणि 6 टक्क्यांचं फक्त माझ्या टेबलावर. गॉगल आठ गटांत प्रत्येकी दोनच आहेत. ओतणाऱ्याला आणि मोजणाऱ्याला देऊन बाकीच्यांना लांब बसवलं तर चालेल का?

---

प्रयोगवही

चालेल, पण 'लांब' म्हणजे ट्रेपासून 2 मीटर, आणि जमिनीवर खडूने रेघ मारून. वर्गात एवढी जागा नसेल तर एका वेळी चारच गटांनी करावं. त्यांना सगळे 16 गॉगल दिले की गटाला चार येतात, पाचवा रेघेमागे राहून वेळ आणि तापमान टिपेल. बाकीचे चार गट तेवढ्या वेळात रेघेपलीकडे बसून अंदाज लिहून ठेवतील: कोणाची बाटली आधी, कोणाची शेवटी, आणि का. मग अदलाबदल. अदलाबदलीत गॉगल साबणाच्या पाण्याने धुऊन, पुसून द्या.